बेरजेत न आलेली लाट

टोपावर नाव घातलेलं होतं, म्हणून तो कुणाचा हे विचारायची वेळच आली नाही. 'सौ. इंदुमती बा. मेतर.' पुढचं साल घासून घासून पुसलं गेलं होतं. दहा माणसांचा भात शिजेल एवढा ॲल्युमिनियमचा टोप, एका कडेला पोचा, बुडाला काजळी आणि दोन्ही कानांना निळ्या नायलॉनच्या दोरीचे तुकडे. बंदर कचेरीतल्या कारकुनाने तो टेबलावर ठेवला, शेजारी 'राखण'ची डबी ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, हा हिच्यावर उपडा बांधलेला होता. घट्ट. पंचनाम्यात तसंच लिहिलंय."

डॉ. हर्षाली मेतरने दोन्ही वस्तू मिळाल्याची सही केली. सहीतलं आडनाव आणि टोपावरचं आडनाव एकच आहे हे कारकुनाला दिसलं असणार, पण भला माणूस होता, खिडकीबाहेर बघत राहिला. टोप तिच्या आईचा होता. लहानपणी आजारपणात याच टोपातली पेज तिने खाल्ली होती. आणि त्या टोपाखाली जी डबी सापडली ती तिने स्वतः, आयुष्याची बारा वर्षं घालून, बनवली होती.

तीन दिवसांपूर्वी, भर चैत्रात, आभाळात ढगाचा टिपूस नसताना तिच्या वडिलांची होडी 'श्री सातेरी' बावीस मैलांवर उलटली. होडीवर पाच जण होते. चौघे परत आले, त्यात तिचा धाकटा भाऊ यतीनही होता. लवू खवणेकर आला नाही.

आता ही राखण काय चीज होती ते सांगायला हवं, नाहीतर टोपाचं पाप किती मोठं ते कळायचं नाही.

राखण म्हणजे नारळाएवढी बंद डबी, डोलकाठीच्या बुडाशी बसवलेली. होडी कशी डोलते, वारा कसा लागतो, हवेचा दाब किती उतरतो हे ती दिवसभर अंगावर घेत असे आणि त्यावरून शिकत असे. तिला दोन बत्त्या होत्या, वायरीने जोडून डोलकाठीवर उंच बसवलेल्या. हिरवी म्हणजे थांबा, काम करा. लाल म्हणजे जाळं कापा आणि निघा. पण एका होडीला जन्मात वाईट लाटा भेटतात किती? दहा, फार तर वीस. तेवढ्यावर यंत्र काय शिकणार? चारशे होड्यांचं शिकणं एकत्र झालं तर मात्र पन्नास वर्षं होडी हाकणारा तांडेल जे जाणतो ते डबी दोन वर्षांत जाणेल, असा हर्षालीचा हिशेब होता.

अडचण एकच, तांडेल. मासा कुठे लागला हे तांडेल बायकोलाही सांगत नाही. ज्या यंत्रातून आपली जागा दुसऱ्याला कळेल ते यंत्र शिरखोल बंदरात कुणी होडीला टेकवूही दिलं नसतं. हर्षाली त्याच घरातली, तिला हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. म्हणून तिने अशी सोय केली की डबीने जे पाहिलं ते डबीतच राहावं. बाहेर जायची ती फक्त दुरुस्ती: आपल्या समजुतीत आज किती फरक पडला, याचे आकडे.

आणि ते आकडेही कुणाचे ते कळणार नव्हते, कारण सगळ्या डब्या एकाच क्षणी बोलत. रोज दुपारी ठीक बारा वाजता चारशे बारा होड्यांवरच्या चारशे बारा डब्या टेकडीवरच्या मनोऱ्याकडे एकदम आवाज टाकत. माणसं असं बोलली तर नुसता गलका होईल. पण लाटांचा एक गुण असतो. एका लाटेवर दुसरी आली की त्यांची बेरीज होते. पाण्यातल्या लाटांची होते तशीच बिनतारी लाटांचीही होते. म्हणजे बेरीज करायला गणकयंत्र नको, हवाच ती करते. मनोऱ्याला ऐकू येई ती आयती बेरीज. तिला भागायचं, सरासरी काढायची आणि ती सगळ्यांना परत पाठवायची. बेरजेतून कुणा एकाचा आकडा वेगळा काढणं खुद्द हर्षालीलाही जमणारं नव्हतं.

फक्त एक अट होती. बेरीज खरी यायची तर प्रत्येकाचा आवाज मनोऱ्यापाशी सारख्याच जोराने पोचला पाहिजे. जवळच्याने हळू बोलायचं, लांबच्याने ओरडायचं. आणि जो इतका लांब आहे की त्याच्या डबीतल्या बॅटरीला तेवढं ओरडणं झेपणार नाही, त्याने गप्प बसायचं. अर्धवट आवाज बेरजेत मिसळला तर सगळ्यांचंच बिघडतं. कितीपर्यंत ओरडायचं आणि कुठून पुढे गप्प बसायचं, त्या मर्यादेला हर्षालीने आपल्या प्रबंधात 'उंबरठा' असं नाव दिलं होतं. तो कुठे घालावा याचं गणित तिचं होतं. त्या गणिताला पदक मिळालं होतं. रोज शंभरातल्या ब्याण्णव डब्या बेरजेत येत, आठ गप्प राहत. ब्याण्णव म्हणजे फारच चांगलं, असं जगभरच्या जाणकारांनी सांगितलं होतं.

'श्री सातेरी'वर डबी बसवली त्या दिवशी बाबल मेतर, म्हणजे तिचे वडील, तासभर तिच्याकडे बघत बसले होते.

"म्हंजे मी खय जातंय ता कोणाक कळूचा नाय?"

"नाय बाबा. माकासुद्धा कळूचा नाय."

"मामाघरसुद्धा?"

मामाघर हे त्यांच्या घरातलं नाव. बावीस मैलांवर पाण्याखाली एक खडप, म्हणजे खडकाचा उंचवटा, होतं, तांबोशी आणि गोबरा या माशांनी भरलेलं. हर्षालीच्या पणजोबांना ते सापडलं. कुठलंही यंत्र नसताना दोन डोंगरांच्या खुणा जुळवून तिथे जायचं आणि त्या खुणा बापाने मुलाला होडीवरच, किनारा दिसत असताना, तोंडी सांगायच्या, ही रीत होती. शेजारचा वसंत सारंग तांडेल वीस वर्षं ती जागा शोधत होता.

"मामाघरसुद्धा नाय. सातेरीची आण," हर्षाली म्हणाली.

"बरा तर," बाबल म्हणाले, आणि लेकीचा शब्द मानला असं तिला वाटलं.

पण झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ज्याने जन्मभर पाळलं तो एका आणेवर मूठ उघडतो होय? बाबलनी लेकीला दुखवलं नाही. फक्त मामाघरी गेलं की बारा वाजायच्या आत भात उरकून घ्यायचा, टोप घासायचा आणि डबीवर उपडा घालून बांधायचा, म्हणजे धातूखालून तिचा आवाज बाहेर जायचा नाही, एवढी सोय करून ठेवली. गुडघ्यांनी दगा दिल्यावर होडी यतीनकडे गेली, तशी टोपाची रीतही त्याच्याकडे गेली. वैतागायचा तो फक्त लवू, कारण होडीवर रांधायचं काम त्याचं. "राखणीक बारा वाजता टोपी व्हयी," तो म्हणे, "मगे माणसांनी गार भात खावचो?" ही थट्टा शिरखोलच्या धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होती. हर्षालीला मात्र कुणी सांगितली नव्हती.

दवाखान्यात यतीनचा हात गळ्यात बांधलेला होता. बहिणीला बघून तो एवढंच म्हणाला, "ताये, बत्ती हिरवी होती गो. मी बघलंय. शेवटपर्यंत हिरवीच."

त्या दिवशी वारा नव्हता. त्याच्या चार दिवस आधी दक्षिणेकडे, हजारो मैलांवर, एक वादळ होऊन गेलं होतं आणि त्याचा फुगवटा आता या किनाऱ्याला पोचत होता. असा फुगवटा खोल पाण्यात जाणवतसुद्धा नाही. होडी संथपणे वर जाते, संथपणे खाली येते, माणसाला डुलकी लागते. पण वाटेत खडप आलं की पाण्याला खाली जागा उरत नाही आणि तीच सुस्त लाट भिंत होऊन उभी राहते. पहिली लाट होडीखालून गेली. दुसरीही गेली. तिसरीने होडी उलटी केली. लवू जाळ्याच्या बाजूला होता.

हर्षालीने डबी आपल्या संशोधन केंद्रात आणली, स्वतः उघडली, आणि तिचं अंतरंग वाचायला बसली. तिच्या मनात काय होतं ते उगाच लपवण्यात अर्थ नाही. टोप बघून तिला रडू आलं होतं, बापाचा संताप आला होता, आणि या दोन्हींच्या खाली कुठेतरी तिला हायसं वाटलं होतं. टोप घातला म्हणून डबी बोलली नाही. डबी बोलली नाही म्हणून मामाघरचं पाणी बाकीच्या डब्या शिकल्या नाहीत. दोष टोपाचा, गणिताचा नाही.

डबीत गेल्या दीड महिन्याचं टिपण होतं. 'श्री सातेरी' त्या काळात अकरा वेळा मामाघरी गेली होती. दर दुपारी बारा वाजता डबी आधी मनोऱ्याची हाक ऐकून अंतर जोखत असे आणि मग बोलायचं की नाही ते ठरवत असे. सात दुपारी हाकच ऐकू आली नव्हती. तो टोप. पण उरलेल्या चार दुपारी हाक स्वच्छ आली होती. त्या दिवशी टोप नव्हता.

तिने दवाखान्यात फोन लावला. "यतीन, टोप रोज घालत होतात?"

"रोज खय? लवूदाचो भात उशिरा झालो की ऱ्हायचो. टोपात भात आसताना तो घालतले कसो?"

त्या चार दुपारी, लवूच्या भाताला उशीर झाला तेव्हा, डबी उघडी होती. तिला मनोरा ऐकू येत होता आणि तिच्याकडे सांगण्यासारखंही होतं. हर्षालीने त्या चार नोंदी पुन्हा पुन्हा वाचल्या. चारही एकसारख्या होत्या: 'अंतर जास्त. उंबरठ्याबाहेर. गप्प.'

टोप असो की नसो, त्या डबीचं कुणी ऐकणारच नव्हतं.

ती आणखी खोल गेली. आता ती थांबू शकत नव्हती. या डबीने मामाघरचा फुगवटा आधी तीनदा अनुभवला होता, छोटा, होडी न उलटवणारा. तिन्ही वेळा तिने आपल्या समजुतीत दुरुस्ती केली होती. तिसऱ्या दुरुस्तीनंतर तर, संथ झोके आणि त्यात वाढत जाणारी उंची दिसली की लाल बत्ती, इथवर तिची मजल गेली होती. पण बारा वाजल्यानंतर मनोरा सगळ्यांची सरासरी पुन्हा पुन्हा पाठवत राही, टोप निघाला की ती डबीत पोचे आणि जुन्या समजुतीची जागा घेई, पाटी पुसून नवी अक्षरं लिहावीत तशी. मनोऱ्याचा आवाज मोठा होता, तो चाळीस मैल जाई. म्हणजे ऐकू सगळ्यांना येई, बोलता सगळ्यांना येत नव्हतं. परतीच्या वाटेवर डबी उंबरठ्याच्या आत येई खरी, पण तोवर दिवस उलटलेला असे आणि शिळी दुरुस्ती बेरजेत घ्यायची नाही हाही नियम हर्षालीचाच. किनाऱ्याजवळच्या आणि खोल पाण्यातल्या ब्याण्णव टक्के डब्यांच्या मते संथ झोके म्हणजे सुखाचा समुद्र. तेच मत रोज दुपारी या डबीवर उतरत होतं.

म्हणजे डबीला माहीत होतं. तीनदा माहीत झालं होतं आणि तीनदा तिला विसरायला लावलं होतं. रोज गप्प राहणारे ते आठ टक्के रोज निराळे असतील, असं हर्षालीने धरून चाललं होतं. कोण गप्प आहे याची नोंद तिने मुद्दामच ठेवली नव्हती, तांडेलांना शब्द दिला होता म्हणून. ते आठ टक्के रोज तेच होते. बाहेरच्या खडपांवर जाणारे. आणि भिंत होऊन उभी राहणारी लाट फक्त त्यांनाच भेटणार होती.

केंद्राचे प्रमुख, प्राध्यापक निरंजन दाभोळे, तिचे गुरू. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला.

"अपघाताच्या दिवशी टोप होता?"

"होता, सर."

"मग त्या दिवशी डबी बोलू शकत नव्हती. प्रश्न मिटला."

"सर, टोप नसता तरी..."

"नसता तरी, हे आपण दोघं जाणतो. मी ते दाब म्हणत नाही. उंबरठा सुधारू, शांतपणे, पुढच्या आवृत्तीत. पंधरा दिवसांनी सरकारची मंजुरी आहे, हर्षाली. सगळा किनारा राखणीखाली येतोय. डब्यांनी दोन वर्षांत किती होड्या परत आणल्या ते तूच मोजलंयस. आज बोललीस तर लोक डब्या उपटून समुद्रात टाकतील, आणि मग जे बुडतील त्यांचं काय?"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. हर्षाली गप्प राहिली. पहिल्या दिवशी तिने स्वतःला सांगितलं, आधी गणित पुन्हा तपासू. दुसऱ्या दिवशी सांगितलं, असे फुगवटे रोज थोडेच येतात. नंतर तिने स्वतःला काही सांगायचंही सोडून दिलं. रोज बारा वाजता पडद्यावर आकडा येई, ब्याण्णव, आणि ती चहा प्यायला उठून जाई.

सहाव्या दिवशी आईचा फोन आला.

"हर्षू, तुझो बापूस भाताक शिवाक नाय गो. ताट वाढलंय की उठता. पेज नको, भात नको. भाकरी खाता ती पण पाणी घालून. काय इचारलंय तर म्हणता, टोप माझो." आई थांबली. "रविवारी सोसायटीत बैठक आसा. मेतरांच्या होडयेक बंदरात जागा देवची नाय, म्हणतत. आणि ह्यांका ता मान्य आसा. बापाशीन सांगून टाकल्यान, मी गुन्हेगार."

"सुगंधा येतली?" हर्षालीने विचारलं. सुगंधा ही लवूची बायको. शाळेत हर्षालीच्या दोन इयत्ता पुढे होती, धक्क्यावर मासे विकायची.

"तीच तर बसतली फुडे," आई म्हणाली.

रविवारी सकाळी हर्षाली शिरखोलला पोचली. सोसायटीच्या पत्र्याच्या सभागृहात दीडशे माणसं होती, बर्फाच्या पेट्यांवर, गुंडाळलेल्या जाळ्यांवर, जागा मिळेल तिथे बसलेली. बाबल मेतर मधोमध एका लाकडी खुर्चीवर होते. अडुसष्ट वर्षांचा हा माणूस खुर्चीत बसला की खुर्ची लहान वाटायची. आज वाटत नव्हती.

वसंत सारंगने बोलायला सुरुवात केली. वीस वर्षांचा वैरी, पण त्याच्या आवाजात आनंदाची उकळी नव्हती. "बाबलान कबूल केल्यान हा. आपली जागा झाकूक त्यान राखणीचा तोंड बांधल्यान. ती बोलली असती तर आमच्या सगळ्यांच्या डब्ये शाने झाले असते. लवू जितो रवलो असतो. आणखी काय बोलूचा?"

बाबलनी मान हलवली. हो, असंच. त्यांच्याकडून कुणी आणखी काही मागितलं असतं तर तेही त्यांनी दिलं असतं.

हर्षाली उठली. हातात छापलेले दोन कागद होते, त्यांकडे तिने बघितलंही नाही. केंद्रात ती जशी बोलते तशी बोलायला तिने तोंड उघडलं आणि शब्द मात्र घरचे आले.

"टोपाचो दोष नाय. दोष माझो आसा."

मग तिने सगळं सांगितलं. दुपारची बेरीज, लांबचा आवाज, उंबरठा. अठरा मैलांपुढे गेलेल्या कुठल्याच होडीचं आजवर कुणी ऐकलेलं नाही, हे सांगितलं. बाहेरची सगळी खडपं वीस मैलांपुढे. लवूचा भात उशिरा झाला त्या चार दुपारी डबी उघडी होती आणि तरी गप्प होती, हे सांगितलं. डबी तीनदा शिकली आणि तीनदा तिची पाटी पुसली गेली, हेही. "आजपासून राखणीवर भरवसो ठेवू नकात," ती म्हणाली. "हिरव्ये बत्त्ये मी बंद करतंय."

 पहिल्यांदा उठली ती सुगंधा. ती ओरडली नाही, म्हणून तिचं बोलणं शेवटच्या माणसापर्यंत गेलं.

"टोप तुमचो. डबी तुमची. उंबरठो तुमचो. माझो घोव खयच्या बेरजेत धरलात?"

 सुगंधा उत्तराला थांबली नाही. ती पदर खोचून बाहेर गेली.

बाबल खुर्चीतून हळूहळू उठले. गुडघ्यावर हात टेकत लेकीपाशी आले. "म्हंजे टोप नसतो घातलो तरी?"

"तरी ती गप्पच रवली असती, बाबा."

"ह्या तुका कधी कळला?"

खोटं बोलायला हीच जागा होती. "आठ दिस झाले," हर्षाली म्हणाली.

"आठ दिस." त्यांनी ते दोन शब्द तोंडात फिरवले. "आठ दिस मी रोज लवूक मारलंय, चेडवा. रोज उठून. आणि तुका ठावक होता."

ते बाहेर गेले. तिने हाक मारली नाही. ज्याचा आवाज येत नाही त्याचं सगळं ठीक आहे असं धरायचं, हे तिने डब्यांना शिकवलं होतं. गेले आठ दिवस तिने बापाच्या बाबतीत तेच केलं होतं. हे तिला त्या दारात उभं असताना कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

मंजुरी लांबली. दाभोळे सरांनी तिच्याशी बोलणं सोडलं. डब्यांवर आता लाल बत्ती तेवढी उरली. हिरवीची जागा काळी होती, तिचा अर्थ 'मला माहीत नाही'. तांडेल चिडले. हो की नाही ते सांगत नाही ते यंत्र काय कामाचं, असं म्हणून निम्म्या लोकांनी डब्या काढून ठेवल्या. सरांनी सांगितलं होतं तसंच झालं.

हर्षाली केंद्राच्या खोलीत बसायची ती आता शिरखोलच्या धक्क्यावरच्या खोलीत बसू लागली. तिथे जुना बिनतारी संच होता, होड्यांवरच्या इंजिनाच्या बॅटरीवर चालणाऱ्या संचांशी बोलणारा, तीस मैल सहज पोचणारा. बारा वाजले की ती बाहेर गेलेल्या होड्यांची नावं एकेक करून पुकारी आणि विचारी, पाणी कसं आहे? हवेतल्या हवेत एका निमिषात होणाऱ्या कामाला आता पाऊण तास लागे. आणि तांडेल जागा सांगायचे नाहीत ते नाहीतच. "बरा आसा," एवढं म्हणून संच बंद. खुणा सांगायच्या म्हणजे सगळ्या बंदराने ऐकायच्या. बरेच जण तेवढंही बोलत नसत. सुगंधा रोज खोलीसमोरून टोपली घेऊन जाई आणि आत बघत नसे.

'श्री सातेरी' नीट होऊन पाण्यात गेली ती वैशाखात. बंदरातली जागा कुणी काढून घेतली नव्हती, पण यतीनचा हात अजून बांधलेला, म्हणून होडीवर बाबल स्वतः गेले, गुडघ्यांना फडकी गुंडाळून. लेकीशी ते अजून बोलत नव्हते. तिने रोज 'सातेरी' म्हणून पुकारायचं आणि रोज संचाची नुसती खरखर ऐकायची, असे पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी बारा वाजून दहा मिनिटांनी तिने पुकारलं, "सातेरी, पाणी कसा आसा?" आणि पुढच्या नावावर बोट ठेवलं.

"सातेरी बोलता."

तिचं बोट तिथेच राहिलं.

"मी मामाघरार आसंय," बाबलांचा आवाज आला. उघड्या संचावर, सगळ्या बंदराला ऐकू जाईल असा. "खुणा लिवून घे. सिद्धाच्या डोंगराची शेंडी दीपगृहाच्या दाव्या हाताक दोन बोटां. खिंड उगडी पडूक व्हयी, पुरी नाय, अर्धी. बारा वाव पाणी, मगे एकदम चार."

चार पिढ्यांची मूठ उघडत होती. हर्षाली लिहीत होती आणि कागदावर तिचं अक्षर तिलाच लागत नव्हतं.

"फुगवटो इलो हा. लांब लांब लाट, आवाज नाय. तिसरी खडपावर उभी रवता. हय आज कोणी येव नकात. जाळा कापलंय. निघालंव."

संच खरखरत राहिला. चौतीस होड्या ऐकत होत्या. मग एक जाड आवाज आला, वसंत सारंगचा.

"ऐकलंय, बाबल. माझी होडी तुझ्या दक्षिणेक आसा. मागे फिरतंय."

 दुसरं कुणी आपल्या खडपाचं नाव घेतलं नाही. मग बाबलच बोलले, आता फक्त तिच्याशी, तरी सगळ्यांसमोर.

"लिवलंस मा?"

"लिवलंय, बाबा."

 हर्षालीने डोळे पुसले. वहीत चौतीस नावं होती. बाबल आणि वसंत, या दोघांच्या होड्यांपुढे काय ते लिहिलेलं होतं. बाकीच्यांपुढे तिने 'ठीक' असं लिहिलं नाही, जागा कोरी ठेवली आणि पुढचं नाव पुकारलं.